सकाळच्या पहिल्या स्टार्टला उग्र वास आणि काळा धूर, गाडी तापली की सगळं गायब: दोष कुठे शोधायचा?

तक्रार नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते. रात्रभर उभी राहिलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की मागून डोळ्यांना झोंबणारा वास येतो, कधी काळपट धूर निघतो, सायलेन्सरच्या तोंडाखाली फरशीवर काजळीचे शिंतोडे पडतात. पाच-दहा मिनिटं चालवली की काहीच नाही. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, मेकॅनिक रेस देऊन बघतो आणि ‘गाडी एकदम ओके आहे’ म्हणतो. मग प्लग बदलतात, एअर फिल्टर बदलतो, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओततात. महिनाभराने परत तेच.

या लेखात पेट्रोल इंजेक्शनच्या, म्हणजे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्या धरल्या आहेत. सीएनजी आणि डिझेलबद्दल शेवटी थोडं.

यातलं किती नॉर्मल?

थंड इंजिनातून निघणारं प्रदूषण शून्य करता येत नाही. ते किती वेळ टिकतं, हे मात्र आपल्या हातात असतं. सगळी दुरुस्ती हा वेळ कमी करण्यासाठी.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय नीट काम सुरू करत नाही. तोवर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जवळपास जसंच्या तसं बाहेर जातं. त्यात भर म्हणजे थंड इंजिनाला पेट्रोल जास्तच द्यावं लागतं. इंजेक्टरने फवारलेलं पेट्रोल थंड इनटेक पोर्टच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर चिकटून बसतं. वाफ होते ती त्यातल्या हलक्या भागाची, आणि ठिणगीला जळायला वाफच लागते. म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सुरुवातीला हिशोबापेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापत जातं तसं तो हात आखडतो. छोट्या फेरीत गाडी जे काही विषारी ओकते, त्यातलं बहुतांश या पहिल्या एक-दोन मिनिटांतलं असतं.

म्हणून काही गोष्टी दोष समजू नका. स्टार्ट केल्यावर आरपीएम ११०० ते १५०० वर चढणं आणि मिनिटभरात ८००-च्या आसपास उतरणं हा दोष नाही. त्या वेळी ईसीयू मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो. जळण्याची उष्णता पिस्टनऐवजी सायलेन्सरकडे जाते आणि कॅट लवकर तापतो. आवाज जरा घोगरा येतो, तोही याचाच. ‘सकाळी रेस चढलेली राहते’ म्हणून कुणी थ्रॉटल स्क्रूशी खेळून हा फास्ट आयडल कमी केला, तर कॅट उशिरा तापेल आणि वास वाढेल.

पांढरी, पटकन विरणारी वाफ आणि सायलेन्सरमधून टपकणारं पाणी हेही नॉर्मल. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. थंड पाइपात ते साचतं आणि ठिबकतं.

दोष धरायचा तो असा: काळा धूर, तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त टिकणारा उग्र वास, सेल मारल्यावर गाडी उशिरा पकडणं, सुरू झाल्यावर मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं जळण मध्येच चुकणं), किंवा आरपीएम पाच मिनिटांनंतरही खाली न येणं. निळसर धूर आला आणि लगेच गेला तर रात्रभरात व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल झिरपलंय. गोडसर वासाचा पांढरा धूर विरतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघा. हे दोन्ही वेगळे आजार, इथे घेतलेले नाहीत.

तपासणी सकाळीच, थंड इंजिनावर

गाडी गॅरेजला आदल्या रात्रीच ठेवा किंवा स्वतः तपासा. दुपारी चालवत नेलेल्या गाडीवर हा दोष सापडत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा येत राहतो याचं अर्धं कारण तेच आहे.

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंट टेम्परेचर आणि इनटेक एअर टेम्परेचर हे दोन आकडे बघा. आठ-दहा तास उभ्या गाडीत दोन्ही एकमेकांच्या दोन-तीन अंशांत हवेत आणि बाहेरच्या हवेशीही जुळायला हवेत. पहाटे पुण्यात १४ अंश असताना हवा १५ दाखवते आणि कूलंट उणे ५, तर अर्धं निदान झालंच.

मग सुरू करा आणि पाच गोष्टी लिहून ठेवा: सुरू व्हायला किती सेकंद सेल मारावा लागला, सुरुवातीचा आरपीएम, फ्युएल सिस्टिम ‘ओपन लूप’मधून ‘क्लोज्ड लूप’मध्ये किती सेकंदांनी गेली, कूलंट ८० अंशांवर किती मिनिटांनी आलं, आणि गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मापात कायम करत असलेली टक्क्यांतली वाढ-घट) किती. क्लोज्ड लूप म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल मोजायला लागला. ठीकठाक गाडीत हे मिनिटभराच्या आत होतं. ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० पलीकडे गेली तर कारण शोधा. उणे आकडा म्हणजे कुठून तरी जास्तीचं पेट्रोल येतंय आणि ईसीयू ते कापतोय. अधिक म्हणजे हवा जास्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय.

स्कॅनरवर दोषाचे कोड आले असतील तर पुसण्याआधी फोटो काढा. या तक्रारीत वारंवार दिसणारे: पी०१२५ आणि पी०१२८ (इंजिन वेळेत तापत नाही), पी०११६ ते पी०११९ (कूलंट टेम्परेचर सेन्सर), पी००३१, पी००३२ आणि पी०१३५ (पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर), पी०१७२ (मिश्रणात पेट्रोल जास्त), पी०३०० मालिका (मिसफायर), पी०४२० (कॅटची क्षमता कमी). चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र नाही. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा, तापमानाने उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडा राहिला तर महिनोन्‌महिने दिवा लागत नाही.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर

आपल्याकडे याला खास कारण आहे. उन्हाळ्यात गाडी घाटात तापली की ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही’ म्हणत तो सरळ काढून टाकायची पद्धत अजून जिवंत आहे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आत तो आहे का, इथपासून सुरुवात करा. रिकामं घर बऱ्याचदा सापडतं.

थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हा कूलंट फक्त इंजिनातल्या इंजिनात फिरतं, त्यामुळे लवकर तापतं. तो नसेल किंवा उघडा अडकला असेल तर पहिल्या सेकंदापासून रेडिएटरकडून थंड कूलंट येत राहतं. गर्दीत उभ्या गाडीला याचा फारसा त्रास जाणवत नाही, पण हायवेला वारा लागला की कूलंट ५५-६० अंशांवरच रेंगाळतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे. तो जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं. आणि मूळ तापण्याचा आजार, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा झिजलेला वॉटर पंप, तो तसाच राहतो. थर्मोस्टॅट काढणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणं, फक्त इथे थर्मामीटरच नळाचंही काम करत होता.

हत्यार न लावता तपास: थंड गाडी सुरू करा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला हात लावून ठेवा. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी, हात लांब. पहिली पाच-सात मिनिटं होज थंड किंवा जेमतेम कोमट राहायला हवी आणि कूलंट ८० च्या पुढे गेल्यावर अचानक गरम व्हायला हवी. दुसऱ्याच मिनिटापासून ती हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा आहे. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो, तिथे खालची होज बघायची.)

खात्री करायची असेल तर काढून पातेल्यात टाका. अंगावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८ अंश. पाणी तापवत स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवून बघा. थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, नाहीतर तळाची आच लागून चुकीचा आकडा मिळतो. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे तो हलायला लागला पाहिजे आणि त्याहून दहा-बारा अंश वर गेल्यावर पूर्ण उघडला पाहिजे. पाण्याबाहेर थंड झाल्यावर फट राहिली, उजेड दिसला, की तो बाद.

बदलताना होणाऱ्या चुका थोड्या पण महागात जाणाऱ्या आहेत. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट तोंडावर येतं. थर्मोस्टॅटच्या कडेला लहान हलती पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, कारण हवा तिथूनच निसटते. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नवीच. घराचे बोल्ट बहुधा १० च्या पान्याचे आणि ॲल्युमिनियममध्ये बसलेले. ताकद लावली की आटे जातात, १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. मूळ तापमानाचाच थर्मोस्टॅट घ्या. ‘थंड राहील’ म्हणून ७६ अंशांचा घातला तर तीच तक्रार थोड्या सौम्य रूपात परत येते.

कूलंट तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. छोट्या गाडीला साधारण चार ते पाच लिटर लागतं. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार नव्या थर्मोस्टॅटला वर्षभरात जाम करतात. भरताना एसीचा नॉब पूर्ण गरम बाजूला ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी परत बघा. आत हवा अडकली तर टेम्परेचर सेन्सर वाफेत राहतो आणि आकडे उड्या मारतात.

मग टेम्परेचर सेन्सर

ईसीयूला थंडी-गरमी कळते ती या एका स्वस्त सेन्सरवरून. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास, हे आकडे बऱ्याच गाड्यांना लागू पडतात. नेमके आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. सॉकेट काढून मल्टीमीटरने थंड असताना एकदा आणि गरम झाल्यावर एकदा मोजा.

सेन्सर पूर्ण मेला तर लगेच कळतं. सर्किट तुटलं की स्कॅनरवर उणे ४० दिसतं, दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत स्टार्ट करताच रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. त्रास देतो तो अर्धमेला सेन्सर, जो इंजिन ८५ ला असताना ६० सांगतो. कोड येत नाही, पण पेट्रोल जास्त जात राहतं. अशा वेळी थर्मोस्टॅट आणि सेन्सर यांतला दोषी कोण, हे ओळखायला साधं इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. घर ८० च्या वर आणि स्कॅनर ६० दाखवतोय, तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोन्ही ६०, तर थर्मोस्टॅट. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर कमी वाचतं. काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.

सेन्सर बदलण्याआधी सॉकेट उघडून बघायला विसरू नका. हिरवट गंज किंवा आत झिरपलेलं कूलंट दिसलं तर नवा सेन्सरही खोटंच बोलेल. कोकणात, गोव्यात, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आधी सॉकेटच बघावं.

ऑक्सिजन सेन्सरचा हीटर

हा सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. हीटर जळला तरी एक्झॉस्टच्या उष्णतेने सेन्सर चार-पाच मिनिटांनी जागा होतोच, त्यामुळे गरम गाडीत सगळं ठीक दिसतं. तेवढी मिनिटं मात्र ईसीयू आंधळेपणाने पेट्रोल टाकत असतो. क्लोज्ड लूपला मिनिटाऐवजी चार-पाच मिनिटं लागतायत, हा याचा पुरावा.

आधी फ्यूज बघा. हीटरचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत इतर गोष्टींबरोबर सामाईक असतो आणि तो उडाला की सेन्सर उगाच बदलला जातो. फ्यूज ठीक असेल तर चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात. थंड असताना त्यांच्यात साधारण ३ ते १५ ओम मिळायला हवेत. अनंत रेझिस्टन्स म्हणजे हीटर तुटला. गरम झाल्यावर जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली व्हायला हवा. नव्या वाइडबँड सेन्सरमध्ये असं झुलणं दिसत नाही. तिथे लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे अचूक, त्याखाली पेट्रोल जास्त) १ च्या आसपास आहे का ते बघा.

काढायला २२ चा, वायरला खाच असलेला सॉकेट लागतो. पाइप कोमट असताना आटे सहज सुटतात. नवा बसवताना ४० ते ४५ न्यूटन-मीटर. आसपास सिलिकॉन सीलंट वापरू नका. त्याची वाफ सेन्सरला विष आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळतीही इथेच तपासा. सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे आणि ईसीयू आणखी टाकतो. थंड असताना टिक-टिक आवाज येतो, लोखंड फुगल्यावर फट मिटते आणि आवाज बंद होतो. लोक तो टॅपेटचा आवाज समजून ऑइल बदलतात!

गळका इंजेक्टर ओळखायची युक्ती

रात्रभरात इंजेक्टरमधून थेंब-थेंब पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरलं तर सकाळी दोन गोष्टी एकदम होतात: लाइनमधला दाब पडलेला असतो आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचं डबकं असतं. सेल लांबतो, मग भस्सकन काळा धूर. पण पंपाच्या आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब झाला तरी दाब पडतोच, तेव्हा दोन्ही वेगळे ओळखावे लागतात.

एका सकाळी चावी ऑन करून पाच सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीनदा करून मग सेल मारा. लगेच आणि स्वच्छ सुरू झाली, तर फक्त दाब पडत होता, संशय पंपावर. दुसऱ्या सकाळी ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून सेल मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि इंजिन फक्त हवा ओढतं. अशी ती नेहमीपेक्षा लवकर पकडली, तर आत आधीच पेट्रोल साचलेलं आहे, म्हणजे इंजेक्टर गळतोय. पकडताच पाय काढा.

लगेच प्लग काढून बघितले तर एकच ओला किंवा काळाकुट्ट निघतो, आणि तोच सिलिंडर. चारही सारखेच कोरडे काळे असतील तर दोष इंजेक्टरचा नाही, सगळ्यांना सामाईक आहे: थर्मोस्टॅट, सेन्सर, एअर फिल्टर किंवा फ्युएल प्रेशर.

इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून गळती मोजून घ्या; दाबाखाली मिनिटाला एका थेंबापेक्षा जास्त नको. अल्ट्रासॉनिक सफाईने कचऱ्यामुळे होणारी गळती थांबते, झिजलेली सीट दुरुस्त होत नाही. काढण्याआधी पंपाचा फ्यूज उपसून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओ-रिंग सगळ्या नव्या, बसवताना इंजिन ऑइलचं बोट लावून. जुन्या ओ-रिंग परत घातल्या तर पुढच्या तक्रारीत पेट्रोलच्या वासाबरोबर आगीची भीतीही असेल.

हे सगळं निर्दोष निघालं आणि ट्रिम तरी उणे असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह बघा, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरमधून ती इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. थंड इंजिन आयडलवर असताना तो बंद हवा. कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर तो उघडा अडकलाय आणि टाकीतली वाफ इंजिन पीत आहे. बॅटरीही मोजून घ्या. विश्रांतीत १२.६ व्होल्ट, सेल मारताना ९.६ च्या खाली नको. सेल मंद फिरला की इंजिन उशिरा पकडतं आणि तेवढा वेळ कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे. झिजून तो वाढला की थंड, ओल्या मिश्रणात ठिणगी चुकते आणि तीच गाडी गरम झाल्यावर नीट चालते.

ऑइल

फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी ‘मॅक्स’च्या वर चढली असेल, तर थंड सिलिंडरच्या भिंतीवरचं पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. ते नंतर तापल्यावर वाफ होऊन पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणाऱ्या) नळीतून परत इंजिनात येतं आणि मिश्रण बिघडवतं. इंजेक्टर दुरुस्त केला पण ऑइल बदललं नाही, तर म्हणूनच आठवडाभर वास जात नाही. अशा वापरात कंपनीने सांगितलेल्या अंतराची वाट न बघता ऑइल लवकर बदला, आणि आठवड्यातून एकदा सलग २०-२५ मिनिटं मोकळ्या रस्त्याला चालवा.

०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल टिकतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका. सकाळी सेल जड जातो, थंडीत इंजिनाला घर्षण जास्त आणि पेट्रोलही जास्त लागतं.

ई-२० आणि सीएनजी

इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते ७८ अंशांनाच उकळतं. थंड सकाळी त्यामुळे पहिली काही सेकंदं अडखळायला होतं. ई-१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनवलेल्या गाडीत ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) भरल्यावर लाँग टर्म ट्रिम तीन-चार टक्के वर सरकणं अपेक्षित आहे, तो दोष धरू नका. आधीच ट्रिम अधिक ८-१० असलेली गाडी मात्र ई-२० वर सकाळी मिसिंग मारायला लागते. दोष जुना, उघडा पडला इंधनामुळे.

सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट साधारण ४० अंशांच्या आसपास आलं की गॅसवर जातात (काही नव्या गाड्या थेट गॅसवरही सुरू होतात). थर्मोस्टॅट उघडा असेल तर हा बदल उशिरा होतो. ‘हल्ली गॅसवर यायला फार वेळ लागतो’ ही तक्रार म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट किंवा कमी कूलंट. आणखी एक सवय नडते: टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल सहा-सहा महिने तसंच ठेवायचं. त्यातला हलका भाग उडून जातो, आणि थंड स्टार्टला नेमका तोच हवा असतो. पाव टाकी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत एकदा ती पेट्रोलवर चालवून संपवा.

सुरू कशी करायची, कुठे करायची

पाच-पाच मिनिटं उभी ठेवून गाडी तापवण्याची गरज इंजेक्शन इंजिनाला नाही. उभ्या गाडीत इंजिन आणि कॅट दोन्ही हळू तापतात. महाराष्ट्रातल्या थंडीत २०-३० सेकंद, महाबळेश्वरला किंवा निफाडकडे पारा एक आकडी झाला तर मिनिटभर. सीटबेल्ट लावून, आरसे नीट करून निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर २५०० आरपीएमच्या आत, पण इंजिनाला थोडा भार देत. थंड असताना जोरात रेस देणं सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक झटक्याला ईसीयू भिंत ओली करण्यापुरतं जादा पेट्रोल टाकतो. पहिलं मिनिट-दोन मिनिटं एसी बंद ठेवला तर आयडल स्थिर राहतो.

दूध, दळण, भाजी अशा तीन फेऱ्या एकाच चकरेत करा. दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यात कॅट बऱ्यापैकी गरम राहतो. दोन-तीन तासांनी पुन्हा पहिल्यापासून.

बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजात थंड गाडी चालू ठेवून कधीही थांबू नका, मोबाइलवरून एसी सुरू करायची सोय असलेल्या गाडीतही. कॅट तापायच्या आधीचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो.

डिझेलची सकाळ वेगळी: पांढरट-करडा, डोळ्यांत जाणारा धूर बहुधा ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर तापवणारा विजेचा प्लग). प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मोजा, एक-दोन ओमच्या आत हवा. अनंत दाखवला तो मेला. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेत राहणाऱ्यांनी उणे १५ च्या खाली ब्लॉक हीटर (इंजिन आधीच तापवणारा विजेचा हीटर) निघायच्या दोन तास आधी टायमरवर लावावा. रात्रभर लावून वीज जाळण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीनंतर पीयूसी

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं; २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. चांगली गाडीही घरून दोन मिनिटांत केंद्रावर नेली किंवा रांगेत तासभर बंद ठेवली तर यात नापास होऊ शकते, कारण कॅट थंड असतो. आधी १५ मिनिटं चालवा, रांगेत बंद ठेवावी लागली तर नळी घालण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं २५०० वर धरा. तरीही हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, तर मिसफायर शोधा. दोन्ही जास्त आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली, तर पेट्रोल जास्त जातंय. वरचं सगळं पहिल्यापासून. लॅम्डा अगदी १ आणि तरी दोन्ही जास्त, तेव्हाच कॅटवर बोट ठेवा.

कॅट बदलायची वेळ आली तर तो का मेला ते आधी दुरुस्त करा. मिसफायर किंवा जादा पेट्रोल तसंच ठेवून बसवलेला नवा कॅटही आतून वितळतो. आणि जागी सरळ पाइप वेल्ड करून देण्याचा सल्ला मिळाला तर गाडी तिथून काढा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे चेक इंजिनचा दिवा तर लागणारच.